गणितही आवडतं आणि कुत्रीही, मग काय करू?

प्रश्न: ताई, मी बारावीत आहे. आमच्या पॉमेरेनियनची गुडघ्याची वाटी सारखी सरकते म्हणून एक्स-रे काढला, तेव्हा सर्जननी कॉम्प्युटरवर हाडावर रेषा मारून कोन मोजला आणि मी बघतच राहिले. मला भूमिती जाम आवडते. बाबा म्हणतात, गणित तरी घे नाहीतर जनावरं तरी, दोन्ही कुठे जमतं? नुसतं हे कोन मोजण्यात करिअर होतं का?

उत्तर: अगं, नुसतं कोन मोजणारा असा वेगळा माणूस बहुतेक ठिकाणी नसतो, हे आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर हिरमोड नको. मोजणारा सहसा तोच असतो जो उद्या ते हाड कापणार असतो, नाहीतर मग रेडिओलॉजिस्ट. पण बाबांचं "दोन्ही कुठे जमतं" हे काही मला पटलं नाही, कारण तू जे बघितलंस तिथे गणितच चाललं होतं, फक्त कागदाऐवजी हाडावर.

बघ, मांडीच्या हाडाच्या दांड्याच्या मधून एक रेषा, खाली गुडघ्याच्या दोन गोलाईंना टेकणारी दुसरी, आणि त्यांच्यातला बाहेरच्या बाजूचा कोन. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा मोठ्या जातींत तो साधारण ९४ ते ९८ अंश येतो. तो बराच वाढला की हाड खालून आत वळलंय असं धरतात आणि मग प्रश्न येतो की नुसती वाटी ज्या खाचेत सरकते ती खोल करून आणि नळीच्या हाडाचा पुढचा उंचवटा सरकवून भागेल, की मांडीचं हाडच कापून सरळ करावं लागेल. बऱ्याच छोट्या कुत्र्यांचं पहिल्यावरच भागतं, म्हणून तर तो आकडा नीट हवा.

आता तुला आवडेल असा भाग. मोठ्या कुत्र्यात ती खालची रेषा समजा ३५ मिलीमीटरची आहे आणि तुझा माउस एका टोकाला अर्धा मिलीमीटर सरकला, तर कोन एक अंशही बदलत नाही. तेच छोट्या कुत्र्यात रेषा १२ मिलीमीटरची असेल तर त्याच अर्ध्या मिलीमीटरने जवळपास अडीच अंश! टॅन काढून बघ, खोटं वाटत असेल तर. म्हणजे चूक तेवढीच, हात तोच, पण कुत्रं लहान म्हणून चुकीची किंमत तिप्पट. शिवाय मोठ्या जातींचे आकडे उचलून पॉमेरेनियन किंवा चिवावाला लावायचे हेही धोक्याचंच, प्रत्येक जातीची ठेवण वेगळी असते.

आणि हे तर फोटो सरळ आला तर. पाय जरा फिरला किंवा मांडी टेबलावरून थोडी उचललेली राहिली की सरळ हाडही वाकडं दिसतं. म्हणून गुंगी देऊन, पाय ताणून फोटो घेतात आणि मग खुणा तपासतात, वाटी मधोमध आहे का, गुडघ्यामागची ती घेवड्याच्या दाण्यासारखी दोन छोटी हाडं दांड्याच्या कडांनी बरोबर अर्धी कापली जातायत का वगैरे. गंमत म्हणजे ज्याची वाटीच सरकलीय त्याच्यात वाटीची खूण चालतच नाही, ती मुळात मधे नसते ना! मग सीटी करतात, त्यात हाडाचा पीळही कळतो जो साध्या फोटोत नीट मोजता येत नाही. हाड कुठे वाकलंय ते शोधायची एक पद्धतही आहे, ती माणसांच्या हाडांसाठी ड्रॉर पेली यांनी मांडलेली आणि तिथून कुत्र्यांत आलेली. तिचं नाव 'कोरा' (कोऱ्या कागदाशी संबंध नाही 😄), वरच्या आणि खालच्या तुकड्याचे अक्ष जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू.

मी स्वतः डॉक्टर नाही, पण एका शिकाऊ सर्जनला मी एकच एक्स-रे तीनदा मोजताना बघितलंय, मधे दोन-दोन दिवस सोडून आणि आधीचा आकडा झाकून. तिन्ही वेळा वेगळा आला. तिचा चेहरा पडला नाही, तिने शांतपणे तिन्ही लिहून ठेवले आणि सीनियरला दाखवले. मला विचारशील तर या कामाला हा स्वभाव लागतो, आकडा आला की लगेच खूश व्हायचं नाही.

रस्ता म्हणशील तर लांब आहे. व्हेटरनरी डिग्री बऱ्याच देशांत पाच वर्षांची किंवा जास्त, मग इंटर्नशिप, मग सर्जरीची रेसिडेन्सी साधारण तीन वर्षं, अमेरिकेत एसीव्हीएस आणि युरोपात ईसीव्हीएस या जनावरांच्या सर्जनांच्या संस्थांची परीक्षा त्यानंतर. रक्त बघून गरगरत असेल तर दुसरी वाट बायोमेडिकल इंजिनिअरिंगची, सीटीवरून हाडाचं थ्रीडी मॉडेल करणं, कुठे कापायचं ते दाखवणारे गाइड छापणं, सॉफ्टवेअरला खुणा ओळखायला शिकवणं, यात भूमिती भरपूर आणि ऑपरेशन शून्य. विषय मात्र आत्ता सोडू नकोस, बायो आणि मॅथ्स दोन्ही ठेव, मग दोन्ही दारं उघडी राहतात.

सर्जनना विचारून तुमच्याच कुत्र्याच्या त्या एक्स-रेची प्रिंट घे, पट्टी आणि कोनमापक काढ आणि तो कोन आज, परवा आणि पुढच्या रविवारी मोज, आधीचं न बघता. तिन्ही आकडे मला कळव. एकदा बाबांनाही मोजायला लाव आणि त्यांचा किती येतो तेही लिही.