टेसीने तोंड केव्हा उघडले?

चि.,

अनेक आशीर्वाद.

शर्ली जॅक्सन यांच्या 'द लॉटरी' या कथेवरचा तुझा निबंध दोनदा वाचला. कथेतल्या गावात दरवर्षी सोडत निघते, चिठ्ठ्यांनी आधी एक कुटुंब आणि मग त्यातले एक माणूस निवडले जाते, आणि सगळे गाव मिळून त्या माणसाला दगडांनी मारते. टेसी हचिन्सन म्हणजे क्रूर प्रथेविरुद्ध उभी राहिलेली एकटी बंडखोर, असे तू पहिल्या पानावर ठासून लिहितोस आणि शेवटच्या पानावर, तिचा राग का येतो हे मलाच कळत नाही, अशी कबुली देतोस. त्या कबुलीसाठीच हे पत्र. राग खरा आहे, पहिले पान चुकले आहे.

ती काय बोलते हे तू नीट टिपले आहेस, पण केव्हा बोलते ते पाहिलेले नाहीस. २७ जूनच्या त्या सकाळी ती चौकात उशिरा, ॲप्रनला हात पुसत येते, आज कोणता दिवस हेच विसरले म्हणून हसते, भांडी घासायची राहिली असती तर तुम्हालाच चालले नसते अशी थट्टा करते. नवऱ्याचे नाव पुकारल्यावर, जा लवकर, म्हणून त्याला पुढे पिटाळणारीही तीच, आणि त्यावर आजूबाजूचे लोक हसतात. खूण असलेली चिठ्ठी नवऱ्याकडे, म्हणजे बिलकडे आहे हे कळल्यावर मात्र, त्याला निवडायला पुरता वेळ दिला नाही, हा अन्याय आहे, असे ती ओरडू लागते. केव्हा, ते पुन्हा पाहा. तिची तक्रार चिठ्ठी काढण्याच्या रीतीबद्दल आहे, दगडांबद्दल नाही. पुढच्याच क्षणी लग्न झालेल्या मुलीला आणि जावयालाही सोडतीत घ्या, असा आग्रह ती धरते. धोका वाटला जावा म्हणून पोटच्या मुलीला पुढे करणाऱ्या बाईला बंडखोर म्हणताना तुझी लेखणी अडखळायला हवी होती.

इतके चिडून लिहितो, त्याला कारण आहे. मी जिथे नोकरी केली तिथे दरवर्षी एका हंगामी शिक्षकाला कमी करण्याची पद्धत होती, आणि त्या बैठकीच्या इतिवृत्तावर मी अकरा वर्षे मुकाट्याने सही केली. बाराव्या वर्षी यादीत माझ्या जवळच्या मित्राचे नाव आले, तेव्हा मी उठून म्हणालो, "नोटिशीची मुदत पाळली गेलेली नाही." मुदत! पद्धतच वाईट आहे, हे वाक्य त्या दिवशीही माझ्या तोंडून निघाले नाही. घरी खाणारी तोंडे होती, आणि एकट्याच्या बोलण्याने काय झाले असते, असे मी आजही स्वतःला सांगतो. ते खोटे नाही; पण अकरा वर्षे मी केव्हा बोललो असतो, या प्रश्नाचे ते उत्तरही नाही.

म्हणून टेसीला खलनायिका ठरवण्याची घाई करू नकोस. सत्याहत्तराव्यांदा सोडतीला आलेला म्हातारा वॉर्नर तिच्यापेक्षा निबर आहे, आणि सकाळी तिच्याशी हसून बोललेली मिसेस डेलाक्रॉ दोन्ही हातांनी उचलावा लागेल एवढा दगड निवडते. शेवटी टेसी म्हणते की हे न्याय्य नाही आणि बरोबरही नाही. यातला दुसरा शब्द आधी तिच्या तोंडी आलेला नाही. तिथे ती प्रथेपर्यंत पोहोचली असेल का, यावर मी वर्गात अनेकदा वाद घातला आहे आणि माझे मत अजून पक्के नाही.

निबंध पुन्हा लिहिताना तिचे प्रत्येक वाक्य वेगळ्या कागदावर उतरव आणि त्यासमोर, त्या क्षणी चिठ्ठी कोणाच्या हातात होती ते लिही. छोट्या डेव्हीला कोणीतरी खडे देते, ते वाक्यही घे. तो तिचाच मुलगा आहे, आणि तुझ्या निबंधात तो कुठेच आलेला नाही.