‘रिकर्सिव्हली’साठी ‘पुनरावृत्तीने’ चालेल का?

लिनक्सवरील सी भाषेविषयी मराठीत टिपणे लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, डिरेक्टऱ्यांचा (फायली ठेवण्याच्या कप्प्यांचा) रिकर्सिव्ह, म्हणजे आतल्या उपडिरेक्टऱ्यांत उतरत जाणारा, शोध घेण्याला ‘पुनरावृत्तीने शोध घेणे’ म्हणावे का. माझ्या मते म्हणू नये.

पुनरावृत्तीत एक फेरी संपल्यावरच दुसरी सुरू होते. अथर्वशीर्षाच्या सहस्रावर्तनात पहिले आवर्तन पुरे झाल्याशिवाय दुसरे सुरू करत नाहीत. इथे मात्र ‘ओपनडिर’ने डिरेक्टरी उघडून ‘रीडडिर’ने तिच्यातील नोंदी एकामागून एक वाचणारे फंक्शन (ठरावीक काम करणारा प्रोग्रामचा तुकडा), एखादी नोंद स्वतःच डिरेक्टरी निघाली की हातातले वाचन अर्धवट ठेवून तिच्यासाठी स्वतःलाच बोलावते आणि आतले काम उरकल्यावर जिथे थांबले होते तिथून पुढे वाचू लागते. नोंदी वाचण्याचे लूप ही पुनरावृत्ती, तर आत उतरणे हे रिकर्शन. एकाच फंक्शनमध्ये दोन्ही नांदत असताना दोहोंना एकच शब्द देणे गोंधळाचे ठरेल.

‘प्रत्यावर्तन’ हा शब्द व्युत्पत्तीने जवळचा आहे, कारण ‘रिकर्शन’मागच्या मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘मागे धावणे’ असाच आहे. पण ‘प्रत्यावर्ती’ म्हटले की विज्ञान शिकलेल्या वाचकाला विद्युतधारा आठवते.

शिवाय या शब्दप्रयोगातून कृती सांगायची आहे की व्याप्ती, हेही पाहिले पाहिजे. ‘एनएफटीडब्ल्यू’ हे उपडिरेक्टऱ्यांसह सगळीकडे फिरणारे तयार फंक्शन वापरल्यास आपले फंक्शन स्वतःला बोलावत नाही, तरीही आतल्या सर्व डिरेक्टऱ्या पाहून होतात. फायलींत मजकूर शोधणाऱ्या ‘ग्रेप’ या आज्ञेला ‘आर’ हा पर्याय देणाऱ्यालाही आतील यंत्रणेशी कर्तव्य नसते. अशा ठिकाणी ‘डिरेक्टरीचा तळापर्यंत धांडोळा घेणे’ किंवा नुसते ‘उपडिरेक्टऱ्यांसह’ हे मला सर्वांत सरळ वाटते. यंत्रणा समजावताना मात्र ‘रिकर्शन’ हाच शब्द ठेवून पहिल्या उल्लेखाला ‘म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणे’ असा खुलासा जोडावा.

‘पुन्हा पुन्हा’ हे शब्द खरोखरच लागू पडतील अशी एक जागा टिपणांत नक्की येईल. प्रत्येक डिरेक्टरीत एका टिंबाची नोंद तिची स्वतःची आणि दोन टिंबांची तिच्या वरच्या डिरेक्टरीची असते. या दोन्ही वगळायचे राहून गेले, तर फंक्शन त्याच डिरेक्टरीत पुन्हा पुन्हा शिरत राहते आणि अखेर एकाच वेळी उघड्या ठेवता येणाऱ्या डिरेक्टऱ्यांची मर्यादा गाठल्यामुळे, डिरेक्टरीपर्यंतच्या मार्गाचे नाव मर्यादेबाहेर लांबल्यामुळे किंवा मेमरी संपल्यामुळे अडते.