डाव्याच कानात का वाजतं?

प्रश्न : मी निवृत्त फौजी. सध्या चाळीसगावकडे बँकेत बारा बोरची बंदूक घेऊन पहाऱ्यावर असतो. रात्री डाव्या कानात रातकिडे किरकिरतात. सरावाला कानात कापूस घालतो. घरचे म्हणतात, लसणाचं तेल सोडा. काय करू?

उत्तर : भाऊ, लसणाचं तेल भरताला राहू द्या. पडद्याला भोक असलं तर ते नुकसानच करील. तुमचं दुखणं बहुधा पडद्याच्याही आत आहे. तिथल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी बाराच्या दणक्याने मेल्या की पुन्हा येत नाहीत. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो. म्हणून डावा.

बारा बोरचा बार 150 डेसिबलच्या वर जातो. कापूस त्यापुढे काय टिकणार! फोमचे बोळे घ्या. बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, बोळा सरकवा आणि फुगेपर्यंत दाबून धरा. अर्धा बाहेर लोंबला तर फुकट. वरून इअरमफ, म्हणजे अख्खा कान झाकणारी टोपणं, लावा. त्याने 5 ते 10 डेसिबलच वाढीव फरक पडतो, पण तोही हवाच. चष्म्याच्या जाड दांडीने मफला फट पडते, तेवढं बघा.

जळगाव किंवा धुळ्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने किरकिरही पुष्कळांची दबते. झोपताना पंखा चालू ठेवा, निव्वळ शांततेत ती जास्त जाणवते. आणि सरावानंतर कान अचानक बंद झाला, तर आठवडी बाजाराच्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दाखवा.