मॉरिशससारख्या छोट्या देशात शिक्षण मोफत आहे, शाळा सुधारणाही झाल्या, तरी तिथले पालक नाराज का? भारताने यातून काय घ्यावं?

फी नाही हे खरं आहे. 1975च्या मे महिन्यात इथले विद्यार्थी रस्त्यावर उतरले, पुढच्याच वर्षी निवडणूक होती, आणि शिवसागर रामगुलाम यांच्या सरकारने 1977पासून माध्यमिक शिक्षण मोफत केलं. 2005पासून विद्यार्थ्यांना बस फुकट. 2019पासून सरकारी विद्यापीठातली पहिली पदवीही फुकट. हे ऐकून भारतातले नातेवाईक मान डोलावतात. लग्न होऊन रत्नागिरीहून इथे आले तेव्हा मीही डोलवायचे. मग मुलगा पाचवीत गेला आणि 'लेसों' नावाचं प्रकरण घरात आलं.

लेसों म्हणजे खाजगी शिकवणी. चौथीपर्यंत कायद्याने बंदी आहे, त्यानंतर मोकळं रान. आमच्या मुलाच्या वर्गशिक्षिका दुपारपर्यंत शाळेत शिकवायच्या आणि संध्याकाळी स्वतःच्या घरच्या गॅरेजमध्ये. मुलं जवळजवळ तीच. शाळेत अपूर्णांकांची बेरीज झाली, भागाकार गॅरेजमध्ये झाला, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात "हे तर झालंय" म्हणून बाई पुढच्या धड्यावर. आम्ही लेसों लावली नव्हती, म्हणजे मीच लावू दिली नव्हती. मी हेडमास्तरांना भेटायला गेले. त्यांनी शांतपणे सांगितलं, "मादाम, सगळेच पाठवतात." तक्रार लिहून घेतली नाहीच, वर बाई किती मेहनती आहेत ते ऐकवलं.

घरी आल्यावर खरी लढाई. माझी नणंद दुसऱ्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे आणि तीही लेसों घेते. ती म्हणाली, "तुझ्या तत्त्वापायी पोराचं वाटोळं करशील." मी म्हटलं, "ताई, ज्या कामाचा पगार सरकार देतं त्याच कामाचे पैसे पालकांकडून परत कशाला?" त्यावर ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आता तुम्ही विचारलेल्या सुधारणेबद्दल. पूर्वी सहावीच्या शेवटी सीपीई नावाची परीक्षा असायची. तिच्या क्रमवारीवर अकरा वर्षांच्या मुलाचं नशीब ठरायचं. रॉयल कॉलेज क्युरपीप किंवा क्वीन एलिझाबेथ कॉलेज (इथे माध्यमिक शाळेलाच कॉलेज म्हणतात) मिळालं तर घरात दिवाळी, नाहीतर सुतक. या क्रमवारीत हिंदी, तामिळ, मराठी वगैरे भाषांचे गुण धरायचे की नाही यावरून 1995मध्ये घटनादुरुस्तीचा प्रयत्न फसला, संसद बरखास्त झाली आणि निवडणुकीत सरकार 60-0 असं साफ झालं! सहावीच्या परीक्षेवरून सरकार गडगडलेला दुसरा देश मला तरी माहीत नाही. ओबीगादू शिक्षणमंत्री असताना क्रमवारी मोडून विभागवार कॉलेजं आणली गेली, पुढच्या सरकारने हुशार मुलांची कॉलेजं परत आणली. मग 2017पासून नऊ वर्षांचं सलग मूलभूत शिक्षण आलं. सीपीई जाऊन पीएसएसी आली, नववीच्या शेवटी एनसीई ही राष्ट्रीय परीक्षा आली, आणि दहावीपासून पुढे निवडक मुलांसाठी 12 अकॅडमी.

म्हणजे झालं काय? अकरा वर्षांच्या मुलाच्या मानेवरचं जोखड चौदा वर्षांच्या मुलाच्या मानेवर गेलं. पहिली काही वर्षं मुलांना थोडा श्वास मिळाला, हे मी मान्य करते. पण शर्यतीचं बक्षीस तसंच राहिलं. तेरावीच्या शेवटी होणाऱ्या एचएससी परीक्षेत पहिले येणारे 'लॉरेट' सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशी जातात. निकालाच्या दिवशी त्यांना खांद्यावर घेऊन ढोल वाजवतात आणि अख्खा देश टीव्हीवर ते बघतो. तो ढोल वाजतोय तोवर गॅरेजं बंद होणार नाहीत.

सुधारणेची खरी परीक्षा खालच्या टोकाला होती. पीएसएसीत नापास झालेल्यांना 'एक्स्टेंडेड प्रोग्राम'मध्ये घातलं: तीन वर्षांचा अभ्यास चार वर्षांत, आणि शेवटी तीच एनसीई. माझ्या मुलाचा एक मित्र त्यात गेला. वडील हॉटेलात कामाला, घरात फक्त क्रिओल, म्हणजे इथली बोलीभाषा. पुस्तक इंग्रजीत, बाई समजावणार फ्रेंच-क्रिओलमध्ये, उत्तर लिहायचं पुन्हा इंग्रजीत. वाचताच न येणाऱ्या मुलाला एक वर्ष जास्त दिलं म्हणून तो वाचायला लागत नाही. त्याला वेगळ्या पद्धतीने वाचायला शिकवावं लागतं, आणि नेमकं तेच कोणी केलं नाही. एनसीईपर्यंत पोचून पास होणारी अशी मुलं फारच थोडी निघाली. हा मित्र मध्येच सोडून गेला. 2012पासून क्रिओल शाळेत विषय म्हणून घेता येते, पण ती मराठी-हिंदी-तामिळच्याच रांगेत, यातली एक निवडा म्हणून. त्यामुळे आमच्यासारख्या घरात मराठी टिकवायची की पोराला कळणारी भाषा द्यायची, असा वाद.

छोट्या देशात सुधारणा अवघड का, याचं माझं उत्तर एवढंच की इथे सगळे एकमेकांचे कोणीतरी असतात. जेमतेम साडेबारा लाख लोक. ज्या शिक्षिकेवर कारवाई करायची ती कोणाची तरी वहिनी, नणंद, मतदार. आणि एचएससीचे पेपर अजून केंब्रिजहून येतात! कॅरिबियन बेटांनी 1972मध्ये एकत्र येऊन स्वतःचं परीक्षा मंडळ काढलं, पॅसिफिकमधल्या बेटांनी 1968पासून एक सामाईक विद्यापीठ चालवलं. आमच्याकडे केंब्रिजचा शिक्का गेला तर लग्नाची स्थळं येणार नाहीत असं वाटतं.

माझा मुलगा जवळच्या साध्या कॉलेजात गेला, अकॅडमी मिळाली नाही. नणंदेची मुलगी अकॅडमीत आहे. दर गणेश चतुर्थीला, इथे त्या दिवशी सरकारी सुट्टी असते, मोदक वाढताना हा विषय निघतोच. मुलगा आता एचएससी देतोय, पुस्तकं स्वतःहून वाचतो, आणि भाचीला गणितात अडलं की तिने केलेला फोन त्यालाच येतो. हे नणंदेला माहीत नाही असं नाही.

भारताने काय घ्यावं? फुकट बस घ्या. मराठी शाळेत क्लास आणि वर्ग चालवणारा माणूस एकच असेल तर आधी ते तोडा, अभ्यासक्रम नंतर बदला.

एक सांगायचं राहिलं. मी जे लिहिलं ते पश्चिम किनाऱ्याकडच्या एका घरातून दिसलेलं आहे. मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटावरची गोष्ट वेगळी, मालदीव-सेशेल्सची आणखी वेगळी. 2024 अखेर सरकार बदललं, नव्या मंत्र्यांनी एक्स्टेंडेडच्या जागी दुसरं काही आणलं, ते कदाचित चांगलं निघेल. आणि लेसों न घेणारे, वर्गातच जीव तोडून शिकवणारे शिक्षकही इथे आहेत, त्यातल्या एकांनी माझ्या मुलाला सातवीत भूमिती शिकवली.

नणंदेला हे उत्तर कोणी पाठवलं तरी हरकत नाही. तिने शाळेत मराठीच घेतली होती, वाचता येईल.