एन. डी. पाटील कोल्हापूरचे एकदाच आमदार होते, मग एवढा मान का?

तुम्ही विचारलंय की सर 1985 ते 1990 एवढीच पाच वर्षं इथले आमदार होते, मग कोल्हापूरकर त्यांचं नाव एवढ्या आदरानं का घेतात आणि आमदार म्हणून त्यांनी कामं तरी कोणती केली?

बोळ काँक्रीट केला, तालमीला हॉल बांधून दिला, असली कामं शोधत असाल तर चुकीच्या माणसाच्या दारात आलात. एनडी सर मुळात कोल्हापूरचेही नव्हेत. वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे. पेशानं प्राध्यापक, 1948 पासून शेतकरी कामगार पक्षात (शेकाप) आणि शेवटपर्यंत तिथंच. पक्ष आटत गेला तरी हे हलले नाहीत. विधिमंडळातली त्यांची बरीच वर्षं विधान परिषदेत गेली: 1960 ते 66, मग 1970 ते 82. मधे 1978 च्या पुलोद म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या आघाडी सरकारात सहकारमंत्री. आमच्याकडं सहकार खातं म्हणजे काय चीज असते ते उसाच्या पट्ट्यातल्या पोरालाही कळतं. एवढं खातं हातात येऊनही सरांनी स्वतःचा कारखाना काढला नाही. इथं लोक हे अजून बोलून दाखवतात, कारण उलटी उदाहरणं गल्लोगल्ली आहेत.

पण माझ्या पिढीला सर कळले ते टोलच्या वेळी. शहरातले सुमारे 50 किलोमीटर रस्ते 220 कोटींत बीओटीवर, म्हणजे खासगी कंपनीनं बांधून टोलमधून पैसे वसूल करायच्या पद्धतीनं, करायचे आणि 30 वर्षं टोल गोळा करायचा, असा करार झाला होता. म्हणजे आपल्याच गावात शिरायला पैसे मोजायचे. सर तेव्हा ऐंशी ओलांडलेले, ना आमदार ना मंत्री. तरी मोर्चाच्या पुढं तेच. मी त्या मोर्चांत चाललोय. पुढाऱ्यांच्या गर्दीत कोण फोटोपुरतं आलंय ते चालणाऱ्याला बरोबर कळतं. सर्वपक्षीय आंदोलन असलं की प्रत्येकाला आपला झेंडा पुढं हवा असतो, पण सर आणि कम्युनिस्ट नेते गोविंदराव पानसरे बोलायला उभे राहिले की कुरबुर थांबायची. करारात काय लिहिलंय आणि रस्त्यावर काय झालंय, याचा हिशोब सर वर्गात शिकवल्यागत मांडायचे. भाषण लांबायचं, हे खरं. जानेवारी 2014 मध्ये लोकांनी नाके पेटवले. फेब्रुवारी 2015 मध्ये पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात ते गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारनं टोल रद्द करत असल्याचं जाहीर केलं.

आता नात्याचं. सर शरद पवारांचे मेहुणे, पवारांची बहीण सरोजताई त्यांच्या पत्नी. पुलोदचे मुख्यमंत्री पवारच होते, तेव्हा ‘पाव्हण्यामुळं मंत्रिपद’ असं कुणी म्हणेलही. पण पुढं एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा करार पवार मुख्यमंत्री असताना झाला आणि त्याविरुद्ध सर उभे राहिले. रायगडात सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) जमिनी जायला लागल्या तेव्हाही सरकारात पवारांचा पक्ष होता आणि शेतकऱ्यांच्या बाजूला सर. घरचं नातं घरात ठेवलं, एवढंच मी म्हणेन.

17 जानेवारी 2022 ला ते कोल्हापुरातच गेले. आमदार म्हणून त्यांचं काम बघायचंच असेल तर विकासकामांची यादी मागू नका; विधिमंडळाच्या कामकाजाचे छापील खंड असतात, त्यात 1960 पासूनची त्यांची भाषणं काढून वाचा.