‘भूक नाही’ म्हणजे काय?

‘पोर काही खातच नाही, मॅडम.’ बेळगावात समुपदेशनाला बसून ही तक्रार मी इतक्यांदा ऐकलीय की हल्ली वजन विचारून झालं की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: घरात जेवायला वाढतं कोण?

अथणी तालुक्यातल्या एका घरात आज्जी वाढायच्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) नातू आठ वर्षांचा, डॉक्टरांच्या मते वजन-उंची ठीक. पण ताट पुढं आलं की त्याचं पोट दुखायचं. ‘नको म्हणाला की सासूबाई रडकुंडीला येतात,’ सून म्हणाली.

पोराचं दुखणं मी आधी घरात शोधते. तिसऱ्या भेटीला आज्जींनाच बोलावलं. माहेर जतकडचं. ‘बहात्तरच्या दुष्काळात केवढ्या होता?’ एवढंच विचारलं. त्या कितीतरी वेळ पदराचं टोक पिळत राहिल्या.

‘याच्याएवढीच.’

आई पोटुशी, तरी खडी फोडायला जायची. घरात तांबड्या मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी. ‘मला भूक न्हाई’ म्हणत आई आपली चतकोर लेकीपुढं सरकवायची. ‘मला ठावं हुतं, ती खोटं बोलतीया. तरी मी खाल्ली.’

कोपऱ्यात चित्र काढणारा नातू उठून जवळ आला. ‘आज्जी, मला खरंच भूक नसते, तेव्हा पण तुला खोटं वाटतं?’

आज्जींनी त्याला जवळ ओढलं. तोवर मी अन्न वाया जाण्याची भीती शोधत होते. गाठ मात्र ‘भूक नाही’ या दोन शब्दांत होती. घराची गोष्ट पोरासमोर बोलावी, हा माझा आग्रह त्या दिवशी सार्थकी लागला.

आज्जींना दुसरीही काळजी होती. तेव्हा पोटात असलेल्या भावाला अंगानं बारीक असून चाळिशीत साखर निघाली. ‘ह्येच नातवात उतरंल का?’

नेदरलँड्समध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात मोठी उपासमार झाली. तेव्हा ज्यांच्या आया नुकत्याच गरोदर होत्या, त्यांच्या वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या रासायनिक खुणा साठ वर्षांनंतरही वेगळ्या आढळल्या. जनुक तेच, खुणा बदललेल्या. पुण्याजवळच्या गावांत मधुमेहाचे अभ्यासक डॉ. चित्तरंजन याज्ञिकांना हडकुळी दिसणारी, पण त्या मानानं चरबी जास्त असलेली बाळं दिसली. पुढं मधुमेहाचा धोका वाढतो तो अशा शरीरात. त्या दुष्काळात जन्मलेल्यांनी म्हणूनच साखर तपासत राहावी. आज्जी मात्र तेव्हा पोटात नव्हत्या, आठ वर्षांच्या होत्या. आणि माणसात हे नातवंडांपर्यंत पोचतं, याचा पुरावा अजून कच्चा आहे. नातवापर्यंत पोचलं होतं ते ताटावरचं भय.

वजन ठीक असेल तर थोडं वाढा, पोराला मागू द्या. दुष्काळाची गोष्ट जरूर सांगा, पण ताटावर नको. आणि सुनेला, लेकीला शेवटी उरलंसुरलं वाढणं आजच थांबवा. पुढच्या बाळाचं अंग तिथं घडतं.

महिन्यानं सून एकटीच आली. आज्जी आता अर्धीच भाकरी वाढतात, पोर ‘बास’ म्हणालं की हात मागं घेतात. परवा त्यानं आपणहून आणखी चतकोर मागितली. ती वाढून आज्जी परड्यात जाऊन बसल्या, भांडी घासून होईपर्यंत आत आल्याच नाहीत.