गोव्यात ‘बहुजन’ म्हणजे नक्की कोण?

मडगावच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आलाय. त्यांना सामाजिक न्यायावर शाळेत भाषण करायचंय, त्यात त्यांनी ‘गोव्यातला बहुजन समाज’ असं लिहिलं आणि स्टाफरूममध्ये वाद सुरू झाला. एक सर म्हणाले बहुजन म्हणजे बहुसंख्य, सरळ अर्थ आहे. दुसरे म्हणाले छे, ब्राह्मण सोडून बाकी सगळे हिंदू म्हणजे बहुजन. आणि एका ख्रिस्ती सहकारी बाईंनी विचारलं, मग आम्ही ह्यात येतो की नाही? हा शब्द व्याकरणात कसा वापरायचा, हेही शिक्षिकेने विचारलंय.

बहुसंख्य आणि बहुजन हे एक नव्हेत, हे पहिल्यांदा सांगतो. बहुसंख्य हा मोजणीचा शब्द आहे, तो कोणालाही लावता येतो. बहुसंख्य प्रवासी, बहुसंख्य मतदार, अगदी बहुसंख्य भाटकार, म्हणजे जमीनदार, असंसुद्धा म्हणता येतं. पण ‘बहुजन भाटकार’ म्हटलं की गोव्यातला कोणीही माणूस थांबून तुमच्याकडे बघेल, कारण कानाला ते लगेच खटकतं. म्हणजे ह्या शब्दात संख्येपेक्षा वेगळं काहीतरी भरलेलं आहे, आणि आपल्याला ते ठाऊक असतं, फक्त कोणी विचारलं की सांगता येत नाही.

शब्द जुना आहे, पालीतला. बुद्धांनी आपल्या पहिल्या साठ भिक्खूंना धर्म सांगायला पाठवलं तेव्हा म्हटलं, चरथ भिक्खवे चारिकं, बहुजनहिताय बहुजनसुखाय लोकानुकम्पाय. आकाशवाणीचं बोधवाक्य ह्यातूनच आलंय, त्यामुळे पाली न शिकलेल्यांच्याही कानावर हे शब्द असतात. पण ह्याच्या लगेच पुढचं वाक्य कोणी सांगत नाही आणि मला तेच फार मोलाचं वाटतं. दोघांनी एकाच वाटेने जाऊ नका, असं ते वाक्य आहे. म्हणजे जितक्या वाटा तितक्या माणसांपर्यंत जा, जास्तीत जास्त लोकांपर्यंत हे पोचू दे. इथे बहुजन म्हणजे शंभरातले एकावन्न आणि उरलेले एकोणपन्नास गेले उडत, असा हिशेब नाहीच. शेवटी ‘लोकानुकम्पाय’ आहे, जगाविषयीच्या करुणेपोटी. नंतरच्या काळात काहींना ‘बहु’ हा शब्द अपुरा वाटला. गांधीजींना जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख हा पाश्चात्त्य हिशेब पटला नाही म्हणून त्यांनी १९०८ मध्ये ‘सर्वोदय’ हा शब्द घेतला, आणि उत्तर प्रदेशात २००७ च्या सुमारास बहुजन समाज पक्षानेच ‘सर्वजन हिताय’ म्हणायला सुरुवात केली. पण मूळ पाली ओळीचं त्यात काही चुकलेलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हा शब्द राजकारणात कसा आला. महात्मा फुल्यांचा शब्द बहुजन नव्हता, त्यांचे शब्द शूद्रातिशूद्र, स्त्रीशूद्रातिशूद्र, म्हणजे ज्या ग्रंथांनी खाली ढकललं त्यांच्याच शिडीवरचं नाव घेऊन तेच तोंडावर मारायचं. बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत’ हा शब्द घेतला, १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ चं बहिष्कृत भारत. ह्या दोन्ही शब्दांत झालेला अन्याय नावातच दिसतो. बहुजनमध्ये तो दिसत नाही, तिथे माणसं एकत्र आलेली दिसतात. महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९२० च्या निवडणुकीच्या वेळी ‘बहुजन पक्ष’ काढला, आणि त्याच्या जाहीरनाम्यातली मांडणी जातींच्या यादीवर उभी नाही, शेतकरी, मजूर, अस्पृश्य, स्त्रिया असे वर्ग त्यात आहेत. विद्या, पैसा किंवा अधिकार ह्यांपैकी एखादं बळ ज्यांच्याकडे आहे ते एका बाजूला आणि ज्यांच्याकडे ह्यातलं काहीच नाही ते दुसऱ्या बाजूला, अशी त्यांची विभागणी. शिंदे प्रार्थना समाजाचे, देव मानणारे माणूस, ऑक्सफर्डला धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आलेले आणि बौद्ध धर्माविषयी मनापासून आस्था असलेले, त्यामुळे त्यांच्याकडे हा शब्द धर्म आणि राजकारण दोन्ही बाजूंनी भरून येतो. पुढे ब्राह्मणेतर चळवळीत तो जातीकडे जास्त सरकला, आणि १९८४ मध्ये कांशीरामांनी पक्षाच्या नावातच घातला तेव्हा अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी आणि धार्मिक अल्पसंख्याक ह्या सगळ्यांची मिळून मोट असा अर्थ झाला. अल्पसंख्याकसुद्धा बहुजन, हे स्टाफरूममधल्या पहिल्या सरांना जरूर सांगा.

पण गोव्यात हा शब्द नुसता पुण्याहून येऊन तसाच राहिला नाही. शब्द कोणाच्या समोर उभा आहे त्यावर त्याचा अर्थ ठरतो. महाराष्ट्रात बहुजनच्या समोर अभिजन उभा असतो, तो पुस्तकी शब्द आहे. आपल्याकडे समोर उभे होते ते रोजच्या जगण्यातले लोक, त्यांना नावं होती आणि त्यांच्या हातात कागद होते, भाटकार आणि महाजन.

महाजन हा शब्द गोव्याबाहेरच्या माणसाला कळत नाही. हिंदीत महाजन म्हणजे सावकार, देशावर बाजारपेठेतला वतनदार. गोव्यात महाजन म्हणजे देवस्थानच्या वहीत ज्याचं नाव आहे तो. पोर्तुगीज सरकारने १८८६ साली देवस्थानांसाठी नियमावली केली, १९३३ साली ती नव्याने आली, आणि त्यात महाजनांचे हक्क कायद्याने पक्के झाले, कमिटी निवडायची त्यांनी, मान त्यांचा, हक्क बापाकडून मुलग्याकडे. देवळात वाजवणारे, दिवे लावणारे, गाणाऱ्या-नाचणाऱ्या, पालखी वाहणारे हे सेवेकरी, त्यांच्याशिवाय जात्रेचा दिवस उजाडत नाही, पण वहीत नाव नाही. म्हणून ‘महाजन’ आणि ‘बहुजन’ ही जोडी गोव्यात समोरासमोर येते तेव्हा ती यमक जुळवायला आलेली नसते, एका शब्दामागे रजिस्टर आहे आणि दुसऱ्यामागे त्या रजिस्टरात नसलेली माणसं आहेत.

भाटकाराचं तसंच. माडांचं भाट त्याचं, त्यात खोप बांधून राहणारा मुंडकार, शेत कसणारा कूळ. मुंडकाराने भाट राखायचं, बोलावलं की कामाला जायचं आणि घर मात्र कधीही खाली करावं लागेल ह्या भीतीत पिढ्या काढायच्या. १९६३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे (मगोचे) दयानंद बांदोडकर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले तेव्हा ‘बहुजन समाजाचं राज्य आलं’ असं लोक बोलले, ते ह्याच अनुभवातून. १९६४ चा कूळ कायदा, गावोगावी मराठी प्राथमिक शाळा, मग मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या काळात १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती, कसेल त्याची जमीन. ह्या शब्दाला गोव्यात वजन आलं ते ह्या कायद्यांनी आणि शाळांनी, भाषणांनी नव्हे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, बांदोडकर स्वतः खाणमालक होते, गरीब मुळीच नव्हते. पण ज्या गोमंतक मराठा समाजातले ते, त्या समाजाला देवळात सेवेचं काम होतं आणि मान नव्हता, म्हणून त्यांना बहुजनांचा नेता म्हणताना कोणाची जीभ अडखळली नाही. म्हणजे गोव्यात बहुजन म्हणजे गरीब असाही अर्थ नाही, ज्याला जन्मावरून हक्क नाकारला तो. आणि दुसऱ्या सरांची ‘ब्राह्मण सोडून बाकी सगळे’ ही व्याख्यासुद्धा पूर्ण बसत नाही, कारण गोव्यात कितीतरी गावांत गांवकार, म्हणजे गावच्या जमिनीत पिढीजात हक्क असलेले, आणि महाजन ब्राह्मण नाहीत, काणकोण तालुक्यात वेळीप समाजाचे लोक गांवकार आहेत. त्याच वेळीप, गावडा, कुणबी समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडावं लागलं. गावातला मान आणि सरकारदरबारचा न्याय हे दोन वेगळे हिशेब आहेत.

आणखी एक गैरसमज. काही लोक बहुजन म्हणजे मराठीवाला, गोवा महाराष्ट्रात विलीन करा म्हणणारा असं धरून चालतात. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली आणि वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१, आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच झालेल्या निवडणुकीत पुन्हा मगोचंच सरकार आलं. काही मतदारांनी तरी दोन प्रश्नांना दोन वेगळी उत्तरं दिली असतील. कोंकणीत बोलणारे लोकही भौजन समाज म्हणतातच.

आता त्या ख्रिस्ती बाईंचा प्रश्न. साष्टी, बार्देश ह्या तालुक्यांत मुंडकार कोण होते? बरेचसे ख्रिस्ती, आणि त्यांचे भाटकारही बहुतेक वेळा ख्रिस्तीच. धर्म बदलला तरी बामण, चार्दो (क्षत्रिय), सुदीर (शूद्र) ही जातींची उतरंड चर्चच्या दारातून आत आली, काही गावांत फेस्ताचा, म्हणजे चर्चच्या सणाचा, मान अजून गांवकारांच्या कॉन्फ्रारीकडेच (चर्चमधल्या मंडळाकडेच) राहतो, म्हणजे महाजनांच्या वहीचाच दुसरा अवतार. मुंडकार कायद्याने आणि कूळ कायद्याने घर किंवा जमीन देताना कोणाचा धर्म विचारला नाही. पण साठच्या दशकात हिंदू बहुजन मगोकडे आणि ख्रिस्ती मतदार मुख्यतः युनायटेड गोवन्स पक्षाकडे अशी विभागणी झाली आणि ‘बहुजन’ हा शब्द एका बाजूच्या झेंड्याला चिकटला. तो तिथे चिकटला म्हणून सुदीर मुंडकाराची बाई बहुजन नाही असं होत नाही. पालीतला अर्थ घ्या, शिंद्यांचा घ्या, कांशीरामांचा घ्या, तिन्ही ठिकाणी तिला जागा आहे. आपल्या रोजच्या मराठीनेच ती दिली नाही, आणि मला हे मनापासून खुपतं.

तेव्हा भाषणात ‘गोव्यातला बहुजन समाज’ खुशाल लिहा, पण पहिल्यांदा शब्द येईल तिथेच एक वाक्य जोडा, कूळ, मुंडकार, देवळांचे सेवेकरी, हिंदू असोत की ख्रिस्ती, असं. व्याकरणाचं शेवटचं विचारलंय तेही सांगतो. बहुजन हा समूहवाचक शब्द, त्यामुळे जुन्या मराठीत ‘बहुजन समाज’ असंच येतं, ‘मी बहुजन’ किंवा ‘बहुजन विद्यार्थी’ हे त्यामानाने नवं आहे पण ते चूक नाही, माणूस स्वतःची ओळख सांगायला लागला की समूहाचा शब्द एकट्याचाही होतो. ‘बहुजनांनो’ असं संबोधनही बरोबर. फक्त ‘बहुजन लोक’ टाळा, जन म्हणजे लोकच.